सात नंबरची टेप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. लोकांची गुपितं ऐकणं हा माझा पेशा, आणि स्वतःचं एक इतकी वर्षं गिळून बसले आहे.

बुऱ्हाणपुरात आम्ही आठ जणी समुपदेशन शिकत होतो. सगळ्या उपचारपद्धती एकत्र करून शिकवायचे ते दिवस. शिकवणाऱ्या मॅडमचा हट्ट एकच — गवई करतो तसा तुम्हीही उत्तर देण्याचा रियाज करा, आणि रोज किती मिनिटं केला ते वहीत लिहा. सुनंदाची वही सगळ्यात भरलेली. केळीवाल्यांच्या घरची, शाहपूरहून बसने यायची. वर्गात खिडकीकडे तोंड करून उत्तरं पुटपुटत असायची. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच. का? जळायचे तिच्यावर. जाडजूड पुस्तकं वाचली मी, आणि माणसं मोकळी व्हायची ती तिच्यापाशी!

सहा महिन्यांनी मॅडमनी मोजमाप ठेवलं. एका रडणाऱ्या बाईचं बोलणं सगळ्यांना ऐकवलं आणि प्रत्येकीचं उत्तर टेप केलं. टेपवर नाव नाही, नुसता नंबर. एक टेप एकीनेच ऐकून गुण द्यायचे. ज्यांची वही भरलेली त्यांचे गुण वाढतात का, एवढंच पाहायचं होतं.

माझ्या वाट्याला सात नंबर आला. आधी नुसती शांतता — चांगलं अर्धं मिनिट. मग हळूच आवाज, "सांग माय, मी बसेल आहे."

नाव कशाला हवं होतं? आणि खरं सांगू — माझे डोळे भरून आले. मला असं एकदाही जमलं नव्हतं.

मी पाचापैकी एक गुण दिला. शेरा लिहिला — उत्तर सुचले नाही.

मॅडमनी तो आकडा सुनंदाच्या वहीशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, तुझा रियाज वाया जातोय. त्या संध्याकाळी तापीकाठी राजघाटाच्या पायरीवर सुनंदा माझ्याकडेच आली. कुणाकडे जावं तर माझ्याकडे! "तूच सांग ना, माझं काय चुकून राहिलं?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी तिला पुस्तकातली वाक्यं पाठ करायला दिली. तिने ती इमानदारीने घोटली. महिन्याभरात तिचं ते थांबणं गेलं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ती बोलू लागली. माणसं तिच्यापाशी येईनाशी झाली. वर्ष संपायच्या आधीच, आपल्याला हे जमत नाही म्हणून तिने शिक्षण सोडलं. मला बरं वाटलं — हेही लिहून टाकते.

आता मी शिकवते. माझं नाव कशासाठी घेतात, ठाऊक आहे? गप्प बसण्यासाठी. समोरची बाई रडू लागली की मी अर्धं मिनिट थांबते, मग म्हणते — सांग माय, मी बसले आहे. पोरी विचारतात, मॅडम, हे कुठे शिकलात?

मी सांगते, रियाजाने.