सिंधूच्या नावाचा चिंचोका

"तुम्हाला ट्युबरक्युलोसिस आहे," एक्स-रे उजेडाकडे धरत डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे टीबी, आपला क्षय. धाकटी माझ्या मांडीवर झोपली होती. मी तिला पटकन नवऱ्याकडे दिलं आणि पदर तोंडाला लावला.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. खोकला धुळीचाच असेल म्हणून मी कितीतरी दिवस अंगावर काढला. तुम्ही काढू नका. रोज संध्याकाळी बारीक ताप येणं हे धुळीचं काम नव्हे.

स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे कमरेत टोचायची सुई, आणि गोळ्या सुरू झाल्या. धाकटी तपासणीत निरोगी निघाली, देव पावला. मग शेजारच्या क्वार्टरांतले सगळे तपासले. एकीकडे तेलुगू कुटुंब, दुसरीकडे पंजाबी. कोणालाच काही नव्हतं. निघणार कसं? भिंतीवरून हसण्यापलीकडे आमचं जाणंयेणंच नव्हतं.

एके दुपारी डॉक्टरबाई घरी आल्या. मी चिंच फोडत बसले होते. त्यांनी मूठभर चिंचोके घेतले आणि एक मधोमध ठेवला. "ह्या तुम्ही. शेजारी कोण राहतं ते नको. तुम्ही कोणाकडे जाऊन बसता ते मांडा. मग त्या कोणाकडे बसतात तेही."

मांडता मांडता सगळे चिंचोके दुसऱ्या सेक्टरात गेले, आमच्या भंडाऱ्याकडच्या बायकांकडे. त्या सगळ्यांची वाट एकाच घरी जात होती. ते सिंधूचं घर. तिचा चिंचोका मात्र मी मुठीतच धरून बसले.

सिंधूनं आपलं जातं गावाहून रेल्वेनं आणलं होतं. चक्कीवाला डाळ भरडून देत नसे, म्हणून आम्ही सगळ्या तिच्याकडे तूर घेऊन जायचो. फोलपटं उडू नयेत म्हणून दार लावायचं, एका खुंट्याला दोघींचे हात, तोंडासमोर तोंड. सिंधू सारखी खोकायची. तिनं मला शपथ घातली होती, "कोनाले सांगू नोको वो. माहा मानूस मले गावाले धाडून देईन, आन् पोट्टे अथीच राहतीन." तिच्या जावेला असंच धाडलं होतं. ती परत आली नाही.

"तिला गावी नाही ना पाठवणार?" मी विचारलं.

"नवऱ्याशी मी बोलेन. पण ती सापडलीच नाही, तर औषध कोणाला देऊ?"

मी चिंचोका खाली ठेवला.

सिंधूला टीबी निघाला. जात्यावरच्या आणखी दोघींनाही निघाला, पण अगदी सुरुवातीचा. आम्हा चौघींना दवाखान्यात ठेवून घेतलं, आणि वॉर्डात सिंधूची खाट माझ्या शेजारीच लागली. "माहंच नाव कावून सांगतलं?" एवढं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं. मला फार रडू आलं. डॉक्टरबाईंनी तिच्या नवऱ्याला समोर बसवून सगळं समजावलं. तो ड्युटी सुटली की डबा घेऊन यायचा, तोंड फुगवून का होईना. तरी सिंधू माझ्याशी बोलेना.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणावर ही वेळ आली, तर आपली माणसं लपवू नका. आम्ही चौघी बऱ्या झालो. त्या बाईंचे उपकार फिटायचे नाहीत.

घरी सोडताना त्या सिंधूला म्हणाल्या, "औषध वर्षाच्या वर चालेल. बरं वाटलं की बायका मधेच सोडतात. तुमच्यावर लक्ष कोण ठेवेल?"

सिंधूनं माझ्याकडे न बघताच बोट दाखवलं. "हिलेच ठेवा. हिच्या तोंडात तीळ भिजत नाई. म्या एक गोळी चुकवली, का आलीच तुमाले सांगाले."