धनुष्य मी केलं होतं

हाताची सर्जन म्हणून मी न्यू जर्सीत उभी हयात काढली. कारखान्यात बोटं कापलेले, स्वयंपाकघरात सुरी लागलेले, स्केटबोर्डवरून पडलेले असे सगळे माझ्याकडे यायचे आणि त्यांच्या तुटलेल्या कंडरा मी जोडायचे. कंडरा म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी, चिवट दोरी. ती ओढली जाते म्हणून बोट वाकतं. पुढे माझ्याच अंगठ्याच्या सांध्याने दगा दिला आणि ऑपरेशनं बंद करावी लागली. घरी बसले, पण हात काही स्वस्थ बसेनात.

त्याच सुमारास आम्ही नवराबायको एका म्युझियममध्ये गेलो होतो. हे कॉफी शोधायला गेले आणि मी जपानी शस्त्रांच्या दालनात एका काचेपाशी अडकले. आत एक आखूड धनुष्य होतं, मेण्यातून प्रवास करणाऱ्या सरदाराला बसल्या बसल्या वापरता यावं असं. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, आतून शिंग, बाहेरून कंडरा. मी तिथेच उभी राहिले. शिंग दाब सोसतं, कंडरा ताण सोसते. ज्या दोरीसाठी मी आयुष्य घालवलं, ती इथे लाकडाच्या पाठीवर चिकटवून कोणीतरी धनुष्य केलं होतं! हे कॉफी घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "मी हे करणार. छोटंसं, हातभर लांबीचं."

"कर की," हे म्हणाले. आणि मग, "पार्किंगची वेळ संपत आली."

शिंग मिळालं ते कुत्र्यांच्या दुकानात. इथे कुत्र्यांना चघळायला म्हशीची शिंगं विकतात. लेबल पाहिलं तर माल भारतातला! ते करवतीने उभं कापलं, गरम पाण्यात मऊ केलं आणि क्लॅम्पमध्ये दाबून त्याच्या पट्ट्या केल्या, बांबूच्या कांबीला आतून चिकटवायला. कंडरा दिल्या मागच्या रस्त्यावरच्या एका शिकारी म्हाताऱ्याने. हरणाच्या पायाच्या, वाळून कडक झालेल्या. त्या मी लोखंडी खलबत्त्यात कुटल्या. कुटता कुटता त्यांचे धागे सुटतात, मग फणीने विंचरायचे. शिंगाला तेलकट बोट लागलं तर सरस धरत नाही, म्हणून ऑपरेशनसारखे हातमोजे घालून सगळं करायचे. पहिल्या खेपेला शिंग बांबूपासून सुटून आलं. सगळं फेकलं आणि पुन्हा सुरुवात केली. गरम सरसात धागे बुडवून, बांबूच्या पाठीवर एकाशेजारी एक निजवायचे, वाळू द्यायचे, पुन्हा थर द्यायचा. वाळताना कंडरा आकसते आणि धनुष्य आपोआप मागे वाकायला लागतं. रोज सकाळी गॅरेजमध्ये जाऊन मी ते वाकणं बघायचे. मग तासणं, मग काळं लाखेसारखं पॉलिश, मग मुठीला लाल रेशमाची गुंडाळी. उन्हाळ्यात सुरू केलेलं काम पुढच्या वर्षीचा उन्हाळा उलटून गेल्यावर संपलं.

ह्या सगळ्यात ह्यांचा सहभाग एवढाच की सरसाचा वास आला की गॅरेजचं दार लावून घ्यायचे.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला एका शाळेच्या कॅफेटेरियात हस्तकलेचं प्रदर्शन होतं. प्रदर्शन सांभाळणारी मुलगी पुण्याची, आयटीतली, फार उत्साही. मी तिला फोन करून, घरी केलेलं एक धनुष्य आहे, एवढं सांगितलं. ती म्हणाली, "वॉव काकू, नक्की आणा!" सकाळी हे लवकर निघणार होते, म्हणून धनुष्य ह्यांच्याबरोबर पाठवलं. मी दुपारी शेजारणीच्या गाडीतून चकल्यांचा डबा घेऊन पोचले.

टेबलापाशी गर्दी होती. गर्दीच्या मधोमध हे. धनुष्यापुढच्या कार्डावर सुबक अक्षरात ह्यांचं नाव होतं.

मला वाटलं, गैरसमज झाला असेल. आमची मेंबरशिप ह्यांच्या नावावर आहे, त्या मुलीने तिथून नाव उचललं असेल. तेवढ्यात ह्यांचा आवाज ऐकू आला. "सिन्यू म्हणजे बेसिकली हरणाची नस असते. ती अशी लांब ताणायची आणि चिकटवायची."

नस! माझ्या नवऱ्याने कंडरेला नस म्हटलं. मी जन्मभर पेशंटना समजावत आले की नस वेगळी आणि कंडरा वेगळी, आणि रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर ह्यांच्यासमोरही ते कितीदा बोलले असेन. चुकीचं श्रेय घेताय ते घ्या, निदान शरीरशास्त्र तरी बरोबर सांगा!

ती आयोजक मुलगी माझ्याकडे धावत आली. "काकू, काकांनी काय जबरदस्त केलंय हो! तुम्हाला मात्र घरात केवढा पसारा सहन करावा लागला असेल ना?"

"पसारा माझाच होता," मी म्हटलं. "धनुष्य मी केलंय."

ती हसली. तिला तो विनोद वाटला. "सो स्वीट! काका, ऐकलंत का, काकू क्रेडिट मागतायत!"

सगळे हसले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता बोलतील, मला वाटलं. एक वाक्य पुरे होतं. हे म्हणाले, "अरे, हिने खूप सपोर्ट केला."

हॉस्पिटलच्या पार्ट्यांमध्ये लोक ह्यांना 'डॉक्टर' म्हणून हात पुढे करायचे आणि मला विचारायचे, तुम्ही घरी असता का? तेव्हा हेच माझ्याआधी सांगायचे, डॉक्टर ती आहे, मी इंजिनियर. त्या माणसाला आज झालं तरी काय?

मी चकल्यांचा डबा टेबलावर ठेवला, धनुष्य उचललं आणि ह्यांच्यापुढे धरलं. "घ्या. दोरी चढवून दाखवा सगळ्यांना."

"अगं, आत्ता कशाला?"

"लोकांना बघू दे ना. तुम्ही केलंय."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "काका, शिवधनुष्य आहे, उचला!" मोबाइल वर झाले. ह्यांनी धनुष्य घेतलं. दोरी काढलेली असली की असं धनुष्य दोरीच्या विरुद्ध बाजूला वाकलेलं असतं. चढवताना ते पूर्ण उलट्या बाजूला वाकवावं लागतं. ज्याला माहीत नाही तो ते जसं वाकलेलं दिसतं तसंच आणखी वाकवतो, आणि मग शिंग तडकतं. ह्यांनी दोन्ही टोकं धरली आणि नेमकं तसंच वाकवायला लागले.

क्षणभर मला वाटलं, मोडू दे. सगळ्यांसमोर मोडू दे. मग शिंगाचा बारीक करकर आवाज आला आणि मी ह्यांचं मनगट पकडलं. "उलटं आहे ते."

मी धनुष्य काढून घेतलं, खालचं टोक मांडीला टेकवलं, ठणकत्या अंगठ्याने दाबत ते उलटं वाकवलं आणि दोरी अडकवली. बोटाने छेडली. ती वाजली. "आणि ती नस नाही," मी म्हटलं. "कंडरा आहे."

आयोजक मुलगी गोरीमोरी झाली. बिचारीने पटकन पेन काढून कार्ड दुरुस्त केलं. मी वाकून बघितलं तर ह्यांच्या नावापुढे तिने 'आणि काकू' असं लिहिलं होतं. मी धनुष्य ओढणीत गुंडाळलं आणि गाडीत जाऊन बसले.

घरी येताना ह्यांनी गाडीचा हीटर लावला, पुन्हा बंद केला. मग म्हणाले, "मी सांगणारच होतो."

"कधी?"

"कार्ड मी लिहायला सांगितलं नव्हतं."

"खोडायलाही सांगितलं नाहीत."

सिग्नलला गाडी थांबली. हे समोर बघत म्हणाले, "रिटायर झाल्यापासून मला कोणी काही विचारत नाही गं. सकाळी एकदम दहा माणसं विचारायला लागली. बोलत सुटलो."

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण विचारायला माणसं हवीत म्हणून माझं सव्वा वर्षाचं काम घ्यायचं? तुमचे ते रेडिओ आहेत की गॅरेजमध्ये, अर्धवट उघडलेले. त्यातला एक पुरा करायचा आणि मांडायचा. हे सगळं मी ह्यांना बोलून दाखवलं, घर येईपर्यंत.

दोन दिवसांनी ह्यांनी स्वतःहून मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. धनुष्य पूर्णपणे बायकोने केलं आहे, माझा त्यात काही वाटा नाही, मी तिथे गप्प बसलो हे चुकलं. सरळ, स्वच्छ मराठीत. वाचून माझा राग निवळायला लागला होता. तेवढ्यात उत्तरं येऊ लागली.

"काका, किती मोठं मन तुमचं!"

"असा नवरा मिळायला भाग्य लागतं."

"रिस्पेक्ट, काका. यू आर अ जेम."

नमस्काराचे हात, फुलं, टाळ्या. धनुष्याबद्दल एक अक्षर नाही. शिंग कुठून आणलं, सरस कसा केला, जपानीच का, कोणीच विचारलं नाही. खरं बोलल्याचंसुद्धा कौतुक ह्यांचंच! मी माझ्या फोनवरून लिहिलं, "धनुष्य मी केलं. मन कोणाचं मोठं आहे, याचा इथे काही संबंध नाही." त्यावर दोन अंगठे आले आणि त्याखाली कोणीतरी विसरलेल्या स्टीलच्या डब्यांचे फोटो टाकले.

हे सोफ्यावर बसून तेच वाचत होते. "बरोबर लिहिलंस," म्हणाले.

आता धनुष्य आमच्या हॉलमध्ये भिंतीवर आहे. येणारा पाहुणा अजूनही आधी ह्यांच्याकडे वळून विचारतो, "काका, हे काय?" हे म्हणतात, "तिला विचारा," आणि चहा ठेवायला आत जातात. त्यात समजूत किती आणि रुसवा किती, मला अजून उमगलेलं नाही. पाहुणा मग माझ्याकडे वळतो आणि मी सांगायला सुरुवात करते. माझा आवाज पहिल्या वाक्यापासूनच थोडा चढलेला असतो, असं आमची मुलगी म्हणते. असू दे.