टायर मी निवडले

माझ्या मुलाने टायर निवडायला तीन आठवडे घेतले, मी तीन मिनिटं घेतली. पुढे जे झालं ते माझ्या तीन मिनिटांमुळे झालं, हे आधीच सांगून टाकते.

निनाद जपानात, कावासाकी शहरात कॉम्प्युटरवर काम करतो. राहतो आम्ही इचिकावाला, खुराड्याएवढ्या घरात. घरात जागा नाही म्हणून या शहाण्याने काय घ्यावं? मागे उघडा हौदा असलेला ट्रक! आणि त्याच्या मागे ओढायला चाकांवरची एक खोली! खोलीत पलंग, शेगडी, बेसिन. घरात आहे तेच सगळं ओढत डोंगरात न्यायचं, तिथे घरचंच पिठलं खायचं आणि परत यायचं. याला कॅम्पिंग म्हणतात म्हणे. (आमच्या लहानपणी याला बिऱ्हाड हलवणं म्हणायचे आणि लोक हळहळायचे.)

त्यात पुण्याहून विहीणबाई आल्या, म्हणजे सूनबाईच्या आई. बाई स्वतःची गाडी स्वतः चालवतात आणि दर फोनला तसं सांगतात. त्यांना ही खोली घेऊन तळ्याकाठी न्यायचं ठरलं. विहीणबाईंपुढे आपलं कुठे अडायला नको, एवढीच माझी इच्छा. आणि नेमके ट्रकचे टायर गुळगुळीत झालेले!

प्रवासाने दमलेल्या विहीणबाईंना घरी झोपू देऊन आम्ही तिघं टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार ओकादा-सान (सान म्हणजे आपलं 'राव'), माझ्याच वयाचे, टोपी इस्त्रीची. सूनबाईला, अश्विनीला, जपानी येतं. तिने सांगितलं, "आई, ते म्हणतात खोलीचा भार ट्रकच्या मागच्या चाकांवर येतो. म्हणून कडक बाजूंचे, जास्त वजन पेलणारे टायर घ्या."

निनादचा डोळा मात्र पांढऱ्या अक्षरांच्या, चिखलात चालणाऱ्या धटिंगण टायरांवर.

"चिखल कुठाय रे इथे?" मी म्हटलं. "इथले लोक रस्तासुद्धा फडक्याने पुसतील!"

"आई, लुक चांगला येतो."

"लुक तुझ्या तोंडाला आण आधी. दाढी कर."

मग मी पुढे झाले. आमच्या ह्यांनी उभा जन्म कांद्याचा ट्रक चालवला. ते टायरला लाथ मारून पारख करायचे. मी ओकादा-सानांच्या कडक टायरला लाथ मारली. अंगठा ठणकला! शेजारच्या टायरला मारली, तर पाय कसा गादीवर पडल्यासारखा.

"हे घ्या," मी म्हटलं. "मऊ आहेत. विहीणबाईंच्या कमरेला धक्का बसणार नाही."

ओकादा-सानांनी दातांतून हवा आत ओढली, मान वाकडी केली आणि म्हणाले, "चोत्तो..."

"आई, ते नाही म्हणतायत," अश्विनी कुजबुजली.

"कुठे नाही म्हणाले? थोडं म्हणाले ना? चोत्तो म्हणजे थोडं, एवढं मलाही कळतं. भाव उतरवतायत. तू गप्प बस."

मी परत बोट दाखवलं. त्यांनी परत हवा ओढली. सहा वेळा! मला वाटलं, माणूस हरत आलाय. इथे तोंडावर नाही म्हणत नाहीत, असं अश्विनी सांगत राहिली. पण नाही असेल तर माणसाने नाही म्हणावं की! शेवटी तीन आठवडे वाचून दमलेला निनाद म्हणाला, "बसवा तेच. आईपुढे इंटरनेट चालत नाही." ओकादा-सानांनी टायर बसवले आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत वाकून उभे राहिले.

शनिवारी निघालो. मानपान म्हणून खोलीत मी दहा किलो ज्वारीचं पीठ, दोन कुकर आणि दगडी खलबत्ता चढवला होता. मोठ्या रस्त्याला लागलो आणि मागची खोली शेपटीसारखी डावी-उजवी डोलायला लागली. मग ट्रकही डोलायला लागला!

"निनाद, वेग कमी करा! ब्रेक दाबू नका, नुसता पाय काढा!" विहीणबाई ओरडल्या. (त्यांना गाडी खरंच येते. तेही सहन करावं लागलं.)

पुढच्या थांब्यावर उतरून पाहिलं, तर मागचे टायर भार पडून बाजूंनी बसलेले, शिळ्या इडलीसारखे. तळं राहिलं डोंगरात. आतल्या रस्त्यांनी रांगत आम्ही परत ओकादा-सानांच्या दारात.

उतरल्या उतरल्या विहीणबाईंनी विचारलं, "असले लेचेपेचे टायर निवडले तरी कोणी हो?"

निनादने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "निनादने! टायरांतलं मला काय कळतंय?"

तेवढ्यात ओकादा-सान बाहेर आले. कडक टायरांची चवड दुकानात बाजूला काढून ठेवलेली, वर आमच्या नावाची चिठ्ठी! ते निनादकडे गेले नाहीत. सरळ माझ्यासमोर आले, टोपी काढली आणि कमरेत वाकून बराच वेळ बोलले.

"काय म्हणतायत गं?" विहीणबाईंनी लेकीला विचारलं.

अश्विनीने मोठ्याने, स्वच्छ मराठीत सांगितलं, "म्हणतायत, त्या दिवशी आजींनी मऊ टायरांचा हट्ट धरला, तेव्हा त्यांना ठामपणे नाही म्हणायला मी कमी पडलो. माझी चूक झाली, आजींनी क्षमा करावी."

आता काय करणार? मीही कमरेत वाकले. ओकादा-सान सरळ झाले, मी वाकलेलीच. आत गेले, मी वाकलेलीच. दुकानातली माणसं कौतुकाने बघत होती, की या परदेशी आजींना आमची रीत किती छान कळली! रीत कसली डोंबलाची! मान वर केली की समोर विहीणबाईंचं तोंड होतं.