कुकर तिच्याकडे, शिट्टी त्याच्याकडे: कामरगावातली एक संध्याकाळ

"तू येशील तं मी उभी राह्यते," वंदना फोनवर म्हणाली आणि मी नाशिकहून मूर्तिजापूरचं तिकीट काढलं. वंदना माझी अमरावतीच्या वसतिगृहातली मैत्रीण. अकरा वर्षांचा संसार मोडून ती माहेरी, कामरगावला परतली आणि शिवणकाम करू लागली. आता तिने प्रेम आणि बिघडलेल्या संसारांवर तीन छोटी विनोदी नाटकं लिहिली होती. गावातच, शाळेच्या मैदानावर ती करणार होती.

सकाळची गाडी धरली तर दुपारी मूर्तिजापूर. तिथून एसटीने कारंजा, पुढे कामरगावला बस किंवा काळी-पिवळी जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे धरूनच निघा. तेवढ्या वेळात मी स्टँडबाहेर तर्री ओतलेला आलुबोंडा खाल्ला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरा मागवला.

जीपमध्ये शेजारच्या काकूंनी चौकशी केली. नाटकाला आलेय म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं. "थे वंदना? घरचं भांडन गावाले दाखवून राह्यली मने." मग जरा थांबून, "किती वाजता हाय?"

वंदनाकडे गरमागरम गोळा-कढी तयार होती, पण तिने स्वतः घासही घेतला नाही. तिन्ही नाटकांतले नवरे करणारे गजाननभाऊ, निवृत्त कंडक्टर, ओसरीवर बसून तिला समजावत होते. "शेवटी जोडपं एक कर वो. लोक नाराज होऊन जातीन."

"माह्यं झालं काय एक? मंग कायले खोटं लिहू?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून रंगमंच झाला. सहा वाजले तरी समोर पाच-सात म्हाताऱ्याच होत्या. मग शेतातून परतलेली माणसं थबकू लागली, बायका सतरंज्या घेऊन आल्या आणि बघता बघता मैदान भरलं.

पहिलं नाटक फोनवर बोलू पाहणाऱ्या साखरपुडा झालेल्या जोडप्याचं. दुसऱ्यात नवरा-बायको नऊ दिवस अबोला धरून म्हशीमार्फत बोलतात. "म्हशीबाई, त्याईले सांगा, च्या थंडा होऊन राह्यला!" लोक पोट धरून हसत होते.

तिसऱ्यात घटस्फोटानंतर भांड्यांची वाटणी होते. बायको कुकर नेते, नवरा रागाने त्याची शिट्टी काढून ठेवतो. तिथेच पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, "नाटक करतं, मंग नांदली काहून नाई?"

गजाननभाऊ पुढचं वाक्य विसरले. बायको झालेली वंदना कुकर कमरेवर घेऊन ट्रॉलीच्या कडेला आली.

"नांदली ना भाऊ. अकरा वर्सं नांदली. तुमीच सांगा, तुमची बायको आज तुमच्याशी किती शब्द बोलली?"

तो काही बोलायच्या आत बायकांतून खणखणीत आवाज आला, "एकच! 'सरका' मनलं मी!"

असा हशा मी कुठल्याही नाट्यगृहात ऐकलेला नाही. तो माणूसही तोंडावर गमछा घेऊन हसत होता. वंदना परत जागेवर गेली आणि तिथून तिचा आवाज बदललाच. शेवटी नवरा शिट्टी परत आणून देतो. ती वरण शिजवून त्याला डबाभर देते, आणि तो आपल्या घरी जातो. बस. गजाननभाऊ घाबरून माझ्याकडे बघत होते. पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या आजी उठल्या. "बरं केलं पोरी, परत नाई गेली," असं म्हणून त्यांनी टाळ्या सुरू केल्या. मग सगळं गाव उठलं.

मैदानातून निघायच्या आतच किन्हीराजाच्या एका बाईंनी आपल्या गावचं आमंत्रण दिलं. वंदना रडत होती, हसत होती आणि पहिल्यांदाच जेवायला मागत होती.

दीड तासाच्या नाटकासाठी एवढा प्रवास? घरी आल्यावर नवऱ्याने हेच विचारलं. मी सांगायला बसले आणि चहा निवला. लग्न मोडल्यावर खाली मान घालून बोलणारी वंदना मला माहीत होती. आता डोळ्यांपुढे येते ती ट्रॉलीच्या कडेला उभी राहून शेकडो माणसांना हसवणारी बाई. त्या मानाने प्रवास फारच जवळचा वाटला.

किन्हीराजाच्या प्रयोगासाठी मी गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. नवऱ्याला म्हशीचं नाटक मुद्दामच सांगितलेलं नाही. तो अबोला त्याने तिथेच बघावा.