पाठीवरचं ऊन

आखातातल्या सहम गावात एसी दुरुस्त करत चौदा वर्षं काढली, तरी जहूर मुकादम स्वतःला मेकॅनिक म्हणवत नसे. दाभोळच्या खाडीवरचा माणूस. बाप होडीवरचा तांडेल, आजा तांडेल. म्हणून अर्बाबने, त्याच्या अरब मालकाने, सुरमईसाठी आपली होडी देऊ केली आणि वर ‘खल्फान तांडेलाला बरोबर घे, इथलं पाणी त्याला ठाऊक’ म्हणून बजावलं, तेव्हा जहूर नुसता हसला.

“तांडेलाच्या पोराने तांडेल भाड्याने घ्यायचा?” घरी येऊन तो बायकोला म्हणाला.

“घ्यायचा,” सफूरा भाकऱ्या बांधत म्हणाली. “आदिल येतोय बरोबर. त्याच्या बायकोला, तुमच्या बहिणीला, सातवा महिना लागलाय, एवढं ध्यानात ठेवा.”

बेत त्याने एकट्यानेच आखला. परवाना, गळ, बर्फ, पेट्रोलचा जादा कॅन. फोन मात्र गाडीतच ठेवला. समुद्रावर काय कामाचा?

शनिवारी दुपारपर्यंत सगळं मनासारखं चाललं. मग मोठी सुरमई लागली. दोर धरायला आदिल ओणवा झाला आणि त्याच्या खिशातला फोन पाण्यात गेला. मासा होडीत घेऊन दोघांनी मान वर केली, तर किनारा नाही. धुळीने हवा राखाडी झालेली, सूर्य तेवढा फिकट चकतीसारखा.

“दुपारनंतर घरी यायचं तर ऊन पाठीवर घ्यायचं,” बापाने शिकवलं होतं. जहूरने होडी तशी वळवली.

पाऊण तास गेला. जादा कॅनही टाकीत ओतून झाला.

“भाई, पाणी काळं दिसतंय.”

“दिसू दे.”

“मी घरी पोचलो नाही ना, तर महेक तुम्हाला जिवंत ठेवायची नाही.”

“गप बस रे.”

तेवढ्यात उजवीकडून तेलाच्या जहाजाचा भोंगा आला. असली जहाजं किनाऱ्याजवळ येत नाहीत.

असरची, दुपार कलल्यावरच्या नमाजाची, वेळ झाली होती. त्याने इंजिन बंद केलं, समुद्राच्या पाण्याने वजूसाठी हात-तोंड-पाय धुतले आणि किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, म्हणजे सूर्याकडे तोंड करून उभा राहिला. हात कानापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

गावच्या मशिदीत मावळतीला तोंड करून नमाजाला उभं राहिलं की लाटा समोर वाजत. सहमच्या मशिदीतही तोंड मावळतीलाच, पण लाटा पाठीमागे वाजतात. चौदा वर्षं, रोज, पाठीमागे. म्हणजे इथे किनारा सूर्याकडे होता, आणि तो मेव्हण्याला घेऊन तासभर भर समुद्रात चालला होता.

त्याने नमाज अर्धवट सोडला नाही. चार रकात पुऱ्या केल्या, आदिलसाठी दुआ मागितली आणि होडी उलटी फिरवली. “चुकलो,” एवढंच बोलला.

किनाऱ्यावरचे मिनार पुसट दिसू लागले आणि पेट्रोल संपलं. दोघे वल्ही मारत राहिले, हाताला फोड आले तरी. सूर्य टेकला तेव्हा समोरून एक होडी आली. असर उलटून गेल्यावर सफूराने अर्बाबला फोन केला होता, आणि अर्बाबने खल्फानला पाठवलं होतं.

खल्फानने दोर फेकला. “किधर गया था?”

“अपने गाव, दाभोळ की तरफ,” जहूर म्हणाला. दोर घट्ट बांधून तो पुढे जाऊन बसला. “अगले शनिवार तुम चलाना. मैं सिर्फ मछली पकडूंगा.”