आधी शेजारचं पाणी

अकोल्यात घरं दाखवणारे दलाल पुष्कळ होते, पण गिऱ्हाईक घर पाहायला आलं की त्याला आधी शेजारच्या घरी नेणारा दलाल एकच, आमचे चाचा. चाचा विकायच्या घराचं कुलूप उघडायचेच नाहीत. शेजारची कडी वाजवायचे आणि म्हणायचे, "ताई, पाव्हने आले, जरा पानी पाजा." ग्लासभर पाण्यात गिऱ्हाइकाला सगळं कळायचं. पाणी गोडं की खारं, नळ किती दिवसांनी येतो आणि शेजारीण कपाळाला आठ्या घालते की चहाचंही विचारते. "भित्ती रंगवता येते," चाचा सांगायचे, "शेजारी नाही रंगवता येत. आधी त्याचं पानी, मंग घर."

स्वतः मात्र ते कित्येक दारांत पाणी घ्यायचे नाहीत. "माहा रोजा हाय," म्हणून हात जोडायचे. माणूस भलताच धार्मिक दिसतो, असं मी बरेच महिने समजत होते.

कापूस कवडीमोल झाल्याचे ते दिवस. शेताचा तुकडा विकून, पोरांच्या शिकवणीपायी शहरात घर घेणाऱ्यांची रीघ लागली होती. पुण्याहून परतलेल्या आमच्या कंपनीच्या मालकांना त्यात संधी दिसली. घरबसल्या घर शोधायचं अ‍ॅप काढायचं ठरलं. 'यूजर-फ्रेंडली' हा शब्द ते इतक्यांदा उच्चारायचे की आमच्या चहावाल्यालाही तो तोंडपाठ झाला. अ‍ॅपचे स्क्रीन आखायचं काम माझं. घर घेणाऱ्याला काय हवं असतं ते शिकून ये, म्हणून मला चाचांच्या स्कूटरवर मागे बसवून देण्यात आलं.

चाचा काही संत नव्हते. केसांना मेंदी लावून वय चोरायचे, आणि प्रत्येक घर बसस्टँडपासून पाच मिनिटांवरच असायचं. आमच्या अ‍ॅपने एकदा बावीस मिनिटं दाखवली तेव्हा त्यांचा पारा चढला. "गिऱ्हाइकासमोर माही शोभा करून राहिली तू," म्हणाले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःच कचोरी घेऊन आले.

त्यांच्या पाण्याचं आम्ही अ‍ॅपमध्ये निळ्या थेंबाचं चित्र केलं. गोडं पाणी असेल तर घरमालकाने थेंबावर बोट ठेवायचं. सगळ्यांनी ठेवलं. खारपाणपट्ट्यात ज्यांच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यांनी तर पहिल्या दिवशीच ठेवलं.

दिवाळीत मी विचारलं, रमजान होऊन इतके महिने झाले, मग हा रोजा कसला? चाचा हसले. "बेटा, ग्लास देतानी कोनाचा हात थांबला, का माहा रोजा सुरू होते."

ते ऐकून मला वाईट वाटलं. शिकलेल्या माणसाला वाईट वाटलं की तो काहीतरी सोय करायला घेतो. चाचा घर दाखवण्याआधी घरमालकाला फोनवर विचारायचे, "कोन चालते?" दारात कुणाचा पाणउतारा होऊ नये म्हणून हा प्रश्न. मी तोच अ‍ॅपमध्ये घातला. घर टाकताना कोणत्या जाती-धर्माचे लोक चालतील त्यापुढे घरमालकाने खुणा करायच्या. ज्यांच्यापुढे खूण नाही त्यांना अ‍ॅप नावावरून ओळखणार आणि ते घर त्यांना दिसणारच नाही. हात थांबायला नको, मान खाली घालायला नको. कुणाला काही कळणारसुद्धा नाही. आमचे मालक इतके खूश झाले की ऑफिसात सगळ्यांना कचोऱ्या आल्या.

चाचींचे गुडघे गेले होते. हे दोघं तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचे, आणि चाची सहा-सहा महिने खाली उतरत नसत. चाचांना तळमजला हवा होता. तसं एक घर सापडलंही होतं, एकाच पायरीचं, अंगणात हातपंप असलेलं. अ‍ॅपसाठी त्याचा फोटो चाचांनी स्वतः काढला तेव्हा ते पायरीवर दोनदा चढून उतरले होते.

ते घर आता अ‍ॅपवरूनच रीतसर मागतो, म्हणून एके दुपारी ते नवा फोन घेऊन ऑफिसात आले. नाव भरलं, तळमजला निवडला. स्क्रीनवर आलं, 'आपल्या आवडीचं एकही घर उपलब्ध नाही. कृपया आवड बदला.' चाचांना वाटलं, नेटवर्क गेलं. खिडकीशी जाऊन त्यांनी फोन वर धरला. मलाही तेच वाटलं, म्हणून पडताळायला मी त्याच फोनात माझं नाव घातलं. अकरा घरं आली. पहिलंच घर हातपंपाचं होतं, त्यांनीच काढलेल्या फोटोतलं.

चाचांनी फोटोतल्या पायरीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मानूस तोंडावर नाही म्हनायले लाजते, बेटा. लाजते म्हनून कवा कवा हो बी म्हनते. तुह्या फोनले लाजच नाही."

मी आमच्या मालकांकडे गेले. त्या खुणा काढल्या तर घरमालक जातील, असं ते म्हणाले. आणि तक्रार तर एकाचीही नाही. खरंच नव्हती. ज्याला घर दिसलंच नाही तो तक्रार कशाची करणार? मी नोकरी सोडली, पण तीही लगेच नाही, चार महिन्यांनी. ते चार महिने मला अजून टोचतात.

चाचा-चाची अमरावतीला लेकीकडे गेले. लेक दुसऱ्या मजल्यावर राहायची. पुढे चाचा गेल्याचंही मला फार उशिरा कळलं.

परवा अमरावतीतच आम्ही घर पाहायला गेलो. नवऱ्याला ते फोनवरच पसंत पडलं होतं, निळ्या थेंबासकट. मी कुलूप उघडू दिलं नाही. समोरची बेल वाजवून पाणी मागितलं. बाई हसतमुख होत्या. लखलखीत स्टीलचा ग्लास भरून आणला, आणि पुढे केलेला हात मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हनलं तुमचं?"

तहान खूप लागली होती. मी हात जोडले आणि म्हणाले, "माझा रोजा आहे."