जाळीचा हेडफोन

खामगावात उन्हाळ्यात नळ आले की घरातल्या सगळ्यांनी हातचं काम टाकून पाणी भरायचं असतं. मी सोडून. माझ्या कानावर हेडफोन असतो.

जुना हेडफोन बंद वाट्यांचा होता. त्यात तबला छातीवर येऊन बसायचा आणि बाहेरचं जग मरून जायचं. नव्याच्या वाट्या मागून जाळीच्या, उघड्या. त्या दुपारी मी एकच गाणं आधी जुन्यावर, मग नव्यावर ऐकत होतो. नव्यावर गायिका समोरच्या खुर्चीत बसल्यासारखी वाटली, तिने घेतलेला श्वाससुद्धा कळला. पण कूलरची घरघरही आत येत होती. हौसेनं मागवला तो काय कूलर ऐकायला? मी चरफडलो.

तेवढ्यात गाण्याच्या मधूनच बायकोचा आवाज आला. "आई, टब भरला. ह्यायले आवाज देऊ का आत न्यायले?"

"नको वं," आई म्हणाली. "त्याले काई आयकू येत नाई. हात लावला तं वसकन अंगावर येते. धर तू तिकून."

आई हे माझ्याकडे बघत बोलली, भिंतीकडे बघून बोलावं तसं. मग दोघींनी टब उचलला. दारात आईने तो टेकवला, कमरेला हात लावला, पुन्हा उचलला.

गाणं संपलं होतं. उठायला हवं होतं. पण उठलो असतो तर मी सगळं ऐकलं हे त्यांना कळलं असतं. म्हणून तो मुका हेडफोन तसाच कानावर ठेवून मी मान डोलवत बसलो.